फॉर्म भरला, पण नोंद झाली नाही

इंदूरमधल्या एका मराठी मंडळाने गणेशोत्सवातल्या मुलांच्या स्पर्धांची नोंदणी कागदावरून वेबवर आणली. त्या फॉर्मची तपासणी करताना काय काय सापडलं, ते इथे सापडलं त्याच क्रमाने लिहितो आहोत. मांडणी नेहमीचीच होती. समोरचं पान रिअ‍ॅक्टमध्ये, मागे नोडवर एक्सप्रेस (पुढे ‘ॲप’ म्हटलं आहे तो सर्व्हरवरचा कोड), दोघांच्या मधे विनंत्या ॲपकडे नेणारा वेब सर्व्हर एन्जिनएक्स आणि शेवटी मायएसक्यूएल या डेटाबेसचं एक टेबल. पान मंडळाच्या मुख्य पत्त्यावर होतं आणि एपीआय, म्हणजे फॉर्मचा डेटा घेणारा सर्व्हरचा भाग, त्याच डोमेनच्या उपपत्त्यावर. फॉर्ममध्ये पाल्याचं नाव, जन्मतारीख, पालकांचा मोबाइल, पत्ता, स्पर्धांच्या चौकटी, फोटो आणि जन्मदाखला एवढंच होतं.

रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, सगळीकडून फोन येत होते आणि सगळ्यांचं वाक्य एकच होतं: फॉर्म भरला, पण यादीत नाव नाही. तक्रार एक असली की कारणही एकच असेल असं वाटतं, आणि सगळ्यात जास्त वेळ त्या समजुतीपायी जातो. इथे कारणं दहाच्या आसपास निघाली, आणि त्यांतली काही एकमेकांना झाकून बसली होती.

म्हणून कोड उघडण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: ही नोंद कुठवर पोहोचली? वाटेत पाच ठिकाणं लागतात आणि प्रत्येक ठिकाणी विचारायला एक साक्षीदार असतो. ब्राउझरने काय पाठवलं ते त्याच्याच डेव्हलपर साधनांतल्या नेटवर्क टॅबमध्ये, पेलोड या भागात दिसतं. उत्तर काय आलं ते स्टेटस क्रमांक सांगतो. विनंती सर्व्हरच्या दारात आली की नाही ते एन्जिनएक्सच्या ॲक्सेस लॉगमध्ये असतं. ॲपपर्यंत आली का, हे कळण्यासाठी ॲपच्या अगदी पहिल्या पायरीवर, बॉडी (विनंतीसोबत आलेला डेटा) वाचण्याच्याही आधी, एक ओळ छापावी लागते: वेळ, पद्धत, पत्ता, कंटेंट-टाइप, कंटेंट-लेंग्थ, ओरिजिन. ही ओळ बहुतेक ठिकाणी नसते, किंवा बॉडी वाचून झाल्यावर असते. बॉडी वाचतानाच गडबड झाली तर तिचा मागमूस राहत नाही. आमच्याकडेही ती नव्हती. आधी ती घातली, मग पुढे गेलो. पाचवा साक्षीदार म्हणजे टेबलातली ओळ.

नेटवर्क टॅब उघडल्यावर ‘प्रिझर्व्ह लॉग’ची खूण आधी करायची. पान नव्याने लोड झालं की यादी पुसली जाते आणि नेमकी हवी ती विनंती हातची जाते. फोनवर समोरच्याकडे हा टॅब नसतो, तेव्हा प्रश्न नेमके विचारावे लागतात. किती वाजता पाठवलं? लिंक कुठून उघडली? फोटो जोडला होता का? आणि चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा ठरला.

“काकू, बटण दाबल्यावर वरच्या पत्त्याच्या पट्टीत काही लांबलचक आलं का?”

“हो रे, टक्क्याची चिन्हंच चिन्हं होती. आणि भरलेलं सगळं गेलं.”

पहिलं कारण इथेच हाती लागलं. फॉर्ममध्ये ‘आणखी एक पाल्य जोडा’ असं एक बटण होतं. एचटीएमएलमध्ये फॉर्मच्या आतल्या बटणाला टाइप दिला नाही तर ते आपोआप सबमिट बटण ठरतं. डेटा पाठवणारा कोड फॉर्मच्या सबमिट घटनेवर न लावता ‘पाठवा’ बटणाच्या क्लिकवर लावला होता. त्यामुळे दुसरं बटण दाबलं की ब्राउझर आपल्या जुन्या रीतीने फॉर्म पाठवायचा. फॉर्मला मेथड दिलेली नसेल तर ती रीत म्हणजे गेट: सगळे रकाने प्रश्नचिन्हापुढे पत्त्यात जातात आणि पान नव्याने उघडतं. पहिल्या मुलाची माहिती अर्धवट असेल तर ‘आवश्यक’ रकाने ब्राउझरला अडवायचे आणि काही बिघडायचं नाही. माहिती पूर्ण भरून भावंडाचं नाव जोडायला गेलेल्या पालकांचं मात्र सगळं पुसलं जायचं. आम्ही चाचणी घेताना नेहमी एकच मूल भरत होतो, म्हणून आम्हाला हे दिसलंच नाही.

टक्क्याच्या चिन्हांचं गणितही इथेच सांगतो. ‘कुलकर्णी’ वाचताना चार अक्षरं दिसतात, पण युनिकोडात ती आठ चिन्हं आहेत: क, उकार, ल, क, र, हलन्त, ण, ईकार. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे २४ बाइट. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्का आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो, म्हणजे ७२ अक्षरं. एका आडनावाला एवढी जागा लागते. रकान्याला कमाल लांबी देताना हे लक्षात ठेवायला हवं, कारण मॅक्सलेंग्थही दिसणारी अक्षरं मोजत नाही. तिच्या हिशेबात कुलकर्णी आठच आहे.

उपाय दोन ओळींचा होता. त्या बटणाला टाइप म्हणून ‘बटन’ दिलं आणि पाठवण्याचा कोड फॉर्मच्या सबमिटवर हलवून पहिल्याच ओळीत ब्राउझरची जुनी रीत थांबवणारं प्रिव्हेंटडिफॉल्ट घातलं. त्याच वेळी प्रत्येक रकान्याचं नेम तपासलं. नेम नसलेला रकाना ब्राउझर पाठवत नाही, डिसेबल्ड असलेलाही नाही, रीडओन्ली असलेला मात्र पाठवतो. मंडळाचा विभाग आपोआप भरून डिसेबल्ड केलेला होता, म्हणून तो कधी पोहोचतच नव्हता. खूण न केलेली चौकट तर अजिबात जात नाही, ‘नाही’ म्हणूनसुद्धा नाही. सर्व्हरला ‘नाही’ आणि ‘हा रकानाच नव्हता’ यातला फरक हवा असेल तर तो वेगळा पाठवावा लागतो.

पुढचा भाग थोडा सविस्तर सांगावा लागेल, कारण एक दुरुस्ती केली की दुसरी चूक उघडी पडत होती.

फॉर्मच्या पहिल्या आवृत्तीत फोटो नव्हता आणि डेटा जेसनमध्ये, म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या मजकुरात, जात होता. पेलोड उघडला तर सगळं नीट दिसायचं, ॲपमध्ये मात्र बॉडी रिकामी. विनंती पाठवणाऱ्या ‘फेच’ या फंक्शनला जेसनची स्ट्रिंग (साधा मजकूर) दिली आणि कंटेंट-टाइप सांगितला नाही, तर ब्राउझर त्यावर ‘टेक्स्ट/प्लेन’ असं लेबल लावतो. एक्सप्रेसचा जेसन वाचणारा भाग फक्त ‘ॲप्लिकेशन/जेसन’ लेबल असलेली बॉडी उघडतो, बाकीच्यांना हात लावत नाही आणि तक्रारही करत नाही. पीएचपीवाल्यांना हाच अनुभव उलट बाजूने येतो. तिथे पोस्टचा तयार ॲरे फक्त जुन्या धाटणीच्या फॉर्मसाठी भरला जातो, जेसन आला तर तो ‘पीएचपी इनपुट’ या प्रवाहातून स्वतः वाचावा लागतो. दोन्हीकडे लक्षण एकच: पाठवताना भरलेलं, उघडताना रिकामं. अशा वेळी पेलोडकडे बघत बसण्यापेक्षा विनंतीच्या हेडरमधला कंटेंट-टाइप आधी वाचावा.

हेडर घातला आणि लगेच ब्राउझरचा कन्सोल लाल झाला: कॉर्सची चूक. कॉर्स म्हणजे एका पत्त्यावरच्या पानाने दुसऱ्या पत्त्याशी बोलण्याबद्दलचा ब्राउझरचा नियम. काल काही अडचण नव्हती, मग आज का, असं वाटून हेडर परत काढायचा मोह होतो. तो काढू नये. ‘टेक्स्ट/प्लेन’, साधा फॉर्म आणि मल्टिपार्ट (फाइलींसह जाणारा फॉर्म) हे तीन प्रकार ब्राउझर साधे मानतो आणि थेट पाठवतो. ‘ॲप्लिकेशन/जेसन’ त्यांत बसत नाही, म्हणून आधी ऑप्शन्स पद्धतीने एक पूर्वविनंती जाते: या पत्त्यावरच्या पानाने या हेडरसह पाठवलं तर चालेल का? सर्व्हरने होकार दिला तरच खरा डेटा निघतो. आमच्या सर्व्हरवर कॉर्सची परवानगी रूटच्या, म्हणजे त्या पत्त्यावरची विनंती हाताळणाऱ्या कोडच्या, खाली लिहिली होती, त्यामुळे पूर्वविनंतीला उत्तर मिळतच नव्हतं. ती सगळ्यात वर नेली, ओळख तपासणाऱ्या भागाच्याही आधी, कारण पूर्वविनंतीसोबत कुकी किंवा टोकन येत नाही आणि तपासणी आधी असेल तर ती दारातूनच परत जाते.

आता आमच्या संगणकांवर चाललं, पण बऱ्याच पालकांकडे नाही. परवानगीच्या यादीत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला पत्ता होता, आणि व्हॉट्सॲपवर फिरलेल्या लिंकमध्ये तो नव्हता. ओरिजिन म्हणजे स्कीम, होस्ट आणि पोर्ट असे तिन्ही मिळून. त्यातलं एक जरी बदललं तरी ब्राउझरच्या लेखी ते वेगळं घर. लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ हेसुद्धा त्याच्या दृष्टीने दोन वेगळे ओरिजिन आहेत. पोस्टमनमध्ये (ब्राउझरशिवाय विनंती पाठवून बघायचं साधन) चालतं म्हणून सर्व्हर ठीक आहे, असं या टप्प्यावर कुणीतरी म्हणतंच. पोस्टमन कॉर्स पाळत नाही, कारण तो नियम ब्राउझरचा आहे. पोस्टमन चालला म्हणजे रूट आणि डेटाबेस ठीक आहेत एवढंच सिद्ध होतं, ब्राउझरच्या बाजूचं काहीच नाही.

दरम्यान फोटो आणि दाखल्याची मागणी आली. जेसन जाऊन फाइलीही नेणारा फॉर्मडेटा आला, म्हणजे मल्टिपार्ट, म्हणजे साधा प्रकार, म्हणजे पूर्वविनंती बंद. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची चूक अजून यादीत तशीच होती, पण तिचं रूप उलटं झालं. आधी परवानगी नसली की डेटा निघतच नव्हता. आता डेटा निघायचा, सर्व्हरवर पोहोचायचा, टेबलात नोंदही व्हायची, आणि ब्राउझर फक्त उत्तर वाचू द्यायचा नाही. पालकांना ‘पाठवता आलं नाही’ दिसायचं, ते पुन्हा दाबायचे, पुन्हा नोंद. यादीत एकाच मुलाची तीन-तीन नावं दिसू लागली ती यामुळे. कॉर्स विनंती अडवतो असं सर्रास बोललं जातं, ते अर्धंच खरं आहे. साध्या विनंतीत तो फक्त उत्तर अडवतो. ‘चुकलं’ असं दिसलं तरी सर्व्हरवर काय झालं ते टेबलातच बघावं लागतं.

यादीत दोन्ही पत्ते घातले. शिवाय डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेला पत्ता दुसऱ्याकडे वळवला, पण हे वळवणं फक्त पानापुरतं ठेवलं. एपीआयच्या पत्त्यावर ३०१ किंवा ३०२ ने वळवलं तर ब्राउझर पोस्टचं गेट करतो आणि बॉडी वाटेतच गळते. वळवणं भागच असेल तर ३०७ किंवा ३०८ वापरावं, त्यात पद्धत आणि बॉडी दोन्ही टिकतात.

एवढं झाल्यावरही फोटो जोडणाऱ्या काही जणांना कॉर्सचीच चूक येत होती. हे प्रकरण आम्हाला सगळ्यात जड गेलं. कन्सोल म्हणतो परवानगीचा हेडर नाही, आम्ही कर्लने, म्हणजे कमांडवरून विनंती पाठवून, पाहतो तर हेडर आहे. शेवटी एकच फोटो दोन आकारांत पाठवून पाहिला. ४०० केबीचा गेला, साडेतीन एमबीचा अडकला. ॲपच्या पहिल्या ओळीत मोठ्या फोटोची नोंदच नव्हती आणि एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये त्याच सेकंदाला ४१३ होता.

एन्जिनएक्स मुळात १ एमबीपर्यंतचीच बॉडी घेतो. त्याहून मोठी आली की तो स्वतःच ४१३ देतो, ॲपला विचारतही नाही. कॉर्सचे हेडर ॲप लावतं. उत्तर ॲपकडून आलंच नाही, म्हणून हेडर नाहीत, म्हणून ब्राउझरला कॉर्सची चूक दिसते आणि खरा ४१३ तिच्यामागे दडतो. ॲप बंद पडल्यावरचा ५०२ आणि उशिराचा ५०४ हेही असेच कॉर्सचा मुखवटा घालून येतात. एन्जिनएक्समध्ये हेडर लिहून ठेवला तरी भागत नाही, कारण ॲड-हेडर मुळात यशाच्या आणि वळवण्याच्या ठरावीक क्रमांकांनाच लागू होतो. चुकीच्या उत्तरांवरही तो हवा असेल तर शेवटी ‘ऑलवेज’ लिहावं लागतं. आणि ॲप व एन्जिनएक्स दोघांनीही तोच हेडर लावला तर तो दोनदा जातो आणि ब्राउझर तेही नाकारतो. त्यामुळे तो कोण लावणार हे एकदाच ठरवायचं.

मर्यादा ठरवताना आतली बाहेरच्यापेक्षा लहान ठेवली. ॲपमध्ये फाइली घेणाऱ्या मल्टर या लायब्ररीत प्रत्येक फाइलला ५ एमबी, एन्जिनएक्समध्ये पूर्ण बॉडीला १२ एमबी, कारण फाइली दोन आहेत आणि वर मजकूर आहे. फाइल मोठी असेल तर आता ॲप नकार देतं आणि ‘फोटो ५ एमबीपेक्षा लहान हवा’ असं मराठीत सांगतं. मोबाइलवर पाठवण्याआधीच कॅनव्हासने फोटोची लांब बाजू १२०० पिक्सेलवर आणली की बहुतेक फोटो काहीशे केबीत बसतात आणि ही वेळच येत नाही. पीएचपीत फाइलची मर्यादा मुळात २ एमबी आणि पूर्ण पोस्टची ८ एमबी असते. दुसरी ओलांडली तर पोस्ट आणि फाइल्स दोन्ही ॲरे रिकामे येतात, जणू कुणी काही पाठवलंच नाही.

फॉर्मडेटा वापरताना कंटेंट-टाइप स्वतः लिहायचा नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो. जेसनच्या वेळी तो लिहायला लागला म्हणून इथेही राहून गेला होता. मल्टिपार्टच्या हेडरमध्ये भाग वेगळे करणारी सीमारेषा ब्राउझर स्वतः घालतो. आपण हेडर लिहिला तर ती घातलीच जात नाही आणि सर्व्हर ‘बाउंडरी सापडली नाही’ म्हणून थांबतो. ओळ काढली, काम झालं.

सर्व्हर ५०० देत असतानाही पानावर ‘नोंदणी यशस्वी’ असा हिरवा संदेश येत होता, तो दोष फेच कसा वापरला त्याचा. नेटवर्कच तुटलं तर फेच चूक मानतो; ४०० किंवा ५०० आलं तर त्याच्या लेखी उत्तर मिळालेलं असतं. म्हणून रिस्पॉन्सचं ‘ओके’ तपासल्याशिवाय यशाचा संदेश दाखवू नये. आम्ही त्याच्या पुढे गेलो: टेबलात पडलेल्या ओळीचा क्रमांक उत्तरात आला तरच हिरवा संदेश, आणि संदेशात तो क्रमांक. पालकांकडे क्रमांक असला की फोनवरचं बोलणं निम्मं होतं.

नोंद पोहोचली म्हणजे बरोबर पोहोचली असं नाही. एका मुलाच्या नावावर स्पर्धांच्या टेबलात सात ओळी आल्या: र, काना, अनुस्वार, ग, ओकार, ळ, ईकार. त्याने फक्त रांगोळी निवडली होती. एकाच नेमच्या दोन चौकटींवर खूण असेल तर सर्व्हरला ॲरे मिळतो, एकाच चौकटीवर असेल तर साधी स्ट्रिंग. कोड ॲरे समजून एकेक घटक घेत होता आणि स्ट्रिंगचे घटक म्हणजे तिची चिन्हं. दोन स्पर्धा निवडणाऱ्यांचं बरोबर, एक निवडणाऱ्यांचं असं. याची उलट बाजू ब्राउझरमध्ये होते: फॉर्मडेटावरून सरळ ऑब्जेक्ट बनवला तर एकाच नावाच्या अनेक किमतींतली शेवटचीच उरते. त्यासाठी गेटऑल वापरावं, आणि सर्व्हरवर आलेली किंमत ॲरे नसेल तर ती ॲरेत घालून मगच पुढे जावं.

जन्मतारखा एक दिवस मागे जात होत्या. तारीख निवडायच्या लायब्ररीने १ सप्टेंबर २०१४ ही तारीख भारतीय वेळेच्या मध्यरात्रीची म्हणून दिली. पाठवताना तिचं आयएसओ रूप केलं आणि ते जागतिक वेळेत असतं, साडेपाच तास मागे. झाली ३१ ऑगस्ट, संध्याकाळचे साडेसहा. गटाची सीमारेषा १ सप्टेंबर असेल तर मूल सरळ दुसऱ्या गटात जातं. ही चूक चिवट आहे, कारण उरलेल्या मुलांची तारीख चुकूनही गट बरोबर राहतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. जन्मतारखेला वेळ नसते. ती वर्ष-महिना-दिवस अशी साधी स्ट्रिंग म्हणूनच पाठवावी आणि टेबलातही डेट प्रकारातच ठेवावी.

मोबाइल क्रमांक काही आजी-आजोबांनी देवनागरी अंकांत लिहिले. ते अगदी योग्य आहे आणि फॉर्मने ते घ्यायलाच हवेत. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही, त्याचं ‘नॅन’ (ही संख्या नाही) होतं. जेसनमधून ते नल (रिकामी किंमत) बनून जातं आणि ‘आवश्यक’ची तपासणी अडवते. फॉर्मडेटामधून मात्र ती तीन रोमन अक्षरांची स्ट्रिंग होऊन जाते, रिकामी नसते, तपासणीतून सुटते आणि टेबलात मोबाइलच्या जागी बसते. अनडिफाइन्ड आणि नल यांचंही फॉर्मडेटात असंच शब्दांत रूपांतर होतं. मोबाइल ही संख्या नव्हेच. रकान्याचा टाइप ‘टेल’ ठेवला, आणि देवनागरी अंकाच्या युनिकोड क्रमांकातून शून्याचा क्रमांक २४०६ वजा करून साधा अंक काढला.

नावांच्या बाबतीत ‘कऱ्हाडकर’ हे आडनाव परीक्षेला बसवावं. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला दोन्ही एकच. आमची तपासणी फक्त देवनागरी पट्ट्यातली चिन्हं घेत होती आणि हे जोडचिन्ह त्या पट्ट्याबाहेरचं आहे, म्हणून एका कऱ्हाडकरांचा फॉर्म जायचा आणि दुसऱ्यांना ‘नाव मराठीत लिहा’ असं सांगितलं जायचं. स्वतःचं आडनाव बरोबर लिहिणाऱ्याला असं उत्तर देणं चुकीचंच. जोडचिन्हाला परवानगी दिली आणि साठवण्याआधी दुसरं रूप पहिल्यात बदललं. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची रीत) हे काम करत नाही, ते हातानेच करावं लागतं. ऱ कुणी र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा लिहिला असेल तर मात्र एनएफसी तो जोडून देतं.

पत्त्यांत इंदूरची आणखी एक गोष्ट पुढे आली. बड़ा गणपती हे इथल्या भागाचं नाव लिहिताना अनेक जण हिंदी कीबोर्डवरचा नुक्तावाला ड़ वापरतात. तो एका कीबोर्डवरून एक चिन्ह म्हणून येतो, दुसऱ्यावरून ड आणि नुक्ता अशी दोन. विभागवार यादी काढताना अर्धी घरं गळत होती. इथे एनएफसी उपयोगी पडतं, पण उलट्या दिशेने: ते ड़ ला फोडून दोन चिन्हंच ठेवतं. दिशा कुठलीही असो, साठवताना आणि शोधताना तेच रूप हवं.

फाइलींच्या देवनागरी नावांचा कचरा होत होता. मल्टर फाइलचं नाव लॅटिन-१, म्हणजे एका बाइटला एक अक्षर धरणारी जुनी पद्धत, समजून वाचतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एकाच बाइटने सुरू होतं, त्यामुळे प्रत्येक तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए दिसतो. तो दिसला की यूटीएफ-८ चुकीच्या पद्धतीने वाचलं गेलं एवढं नक्की. नाव लॅटिन-१ मधून बाइटांत परत नेऊन यूटीएफ-८ म्हणून वाचलं की ते सुधारतं. डिस्कवर मात्र स्वतः बनवलेलंच नाव ठेवावं. आणि पत्त्याखाली हात जोडल्याचं चिन्ह टाकणाऱ्यांचे फॉर्म ५०० देत होते, कारण टेबल मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’ प्रकारात होतं. त्यात एका चिन्हाला तीनच बाइट मिळतात. देवनागरी बसते, इमोजीला चार लागतात. टेबल ‘यूटीएफ८एमबी४’ मध्ये बदललं.

राहिली दुहेरी नोंद. नोंद झाल्याचा ईमेल त्याच विनंतीत पाठवला जात होता आणि मेल सर्व्हर कधी कधी रेंगाळायचा. एन्जिनएक्स मुळात ६० सेकंद वाट पाहून ५०४ देतो, ॲप मात्र मागे काम पूर्ण करतं. आता ओळ टेबलात पडली की लगेच उत्तर जातं, ईमेल नंतर. शिवाय पान उघडताना एक यादृच्छिक किल्ली बनते, फॉर्मबरोबर जाते आणि टेबलात तिच्यावर युनिक इंडेक्स आहे. तीच किल्ली पुन्हा आली तर नवी ओळ न पडता जुना क्रमांक परत जातो. ही किल्ली बनवणारं रँडमयूयूआयडी फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर मिळतं. घरच्या वायफायवरून साध्या एचटीटीपीने फोनवर चाचणी घेतली तर ते सापडत नाही आणि फॉर्म गप्प बसतो.

हरवलेल्या नोंदींपैकी काय परत मिळालं, ते ज्याच्या त्याच्या अडकण्याच्या जागेवर अवलंबून होतं. ‘आणखी एक पाल्य’ दाबणाऱ्यांची माहिती गेटमुळे एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये पूर्ण होती, फाइलींची मात्र फक्त नावं. टक्क्यांची भाषा उलगडून त्या ओळी काढल्या, पालकांना फोन करून पडताळल्या आणि मग ते लॉग पुसले, कारण लहान मुलांच्या जन्मतारखा आणि घरचे मोबाइल क्रमांक तिथे पडून राहणं बरोबर नाही. कॉर्समुळे दुहेरी झालेल्या नोंदींत मोबाइल, नाव आणि जन्मतारीख जुळवून शेवटची ठेवली. ४१३ ने परत गेलेल्यांची मात्र वेळ आणि आयपी पत्ता सोडून कुठेच काही नव्हतं. त्यांच्यासाठी मंडळाच्या ग्रुपवर दिवस आणि वेळा देऊन लिहिलं की या काळात फोटोसह फॉर्म भरला असेल आणि क्रमांक आला नसेल तर पुन्हा भरा, आणि कार्यालयात कागदी फॉर्मचा गठ्ठाही ठेवला.